युद्धचित्राखाली चित्रकाराचे नाव हवे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत तिसऱ्या म्हैसूर युद्धावरील लेखासोबत एक चित्र छापले आहे. म्हैसूरच्या टिपू सुलतानाच्या दोन लहान मुलांना कंपनीचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस ओलीस म्हणून ताब्यात घेत आहे. खाली ओळ एवढीच : ‘श्रीरंगपट्टण, १७९२’. जणू कुणी तिथे उभे राहून छायाचित्रच टिपले!

हे चित्र इंग्रज चित्रकार रॉबर्ट होमचे. तो कॉर्नवॉलिसच्या फौजेबरोबर होता. चित्र आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. त्यात कॉर्नवॉलिस मुलाचा हात अगदी वडीलकीने धरतो. बापाकडून मुले तोडून नेण्याचा हा प्रसंग, पण चित्रात तो मायेचा दिसतो. त्या वेळच्या इंग्लंडला हेच पाहायचे होते. याच कॉर्नवॉलिसने १७८१ मध्ये यॉर्कटाउनला अमेरिकनांपुढे हत्यार टाकले होते. शिवाय कंपनीच्या हिंदुस्थानातील जुलमांवरून माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जवर १७८८ पासून संसदेत महाभियोग चालू होता. हा दयाळू विजेता त्या दोन्ही गोष्टींवरचा उतारा होता. पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांची मराठी फौजही तेव्हा इंग्रजांच्या बाजूने श्रीरंगपट्टणला तळ देऊन होती. चित्राचा नायक मात्र कॉर्नवॉलिसच.

आता त्याच गावातल्या टिपूच्या दर्या दौलत महालाची भिंत पाहा. १७८० मध्ये कांचीपुरमजवळ पोल्लिलूरला टिपूचा बाप हैदर आणि टिपूने इंग्रजांच्या कर्नल बेलीच्या पलटणीची धूळधाण केली, ती लढाई तिथे रंगवली आहे. म्हैसूरचे स्वार भरघोस मिशांचे, इंग्रज गुळगुळीत चेहऱ्यांचे; दारूगोळ्याचा गाडा उडतो आहे आणि जखमी बेली पालखीत. मिशी म्हणजे मर्दानगी मानणाऱ्या दरबाराने आपल्या पाहुण्यांसाठी काढवलेले हे चित्र आहे. तेही निःपक्ष नाहीच. पण दोन्ही शेजारी शेजारी छापली असती, तर वाचकाला लेखातल्या चार परिच्छेदांपेक्षा जास्त कळले असते.

टिपूचा मृतदेह सापडल्याचे डेव्हिड विल्कीचे चित्रही आपल्याकडे वारंवार छापले जाते. ते १८३९ चे, म्हणजे घटनेनंतर चाळीस वर्षांनी पूर्ण झालेले, आणि त्यातील ब्रिटिश सेनानी जनरल बेअर्डच्या विधवेने सांगून काढवलेले. हे कळल्यावर त्या चित्रातला मशालीचा उजेड बेअर्डवर का पडतो, ते वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून विनंती : जुने युद्धचित्र छापताना चित्रकार, साल आणि ते कुणासाठी काढले, हे खाली द्यावे. दोन ओळींची जागा पुरेल.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा