अनुदानाच्या याद्या झाकू नयेत

महोदय,

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्याबरोबर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मधील बदलही लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणाचा अवाजवी भंग होतो, असे दाखवावे लागे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे म्हणणे पुरेसे आहे.

अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी घ्या. नाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र आणि रक्कम हे चार रकाने चावडीवर लागले, की कोणाच्या कोरडवाहू माळाला बागायतीचा दर मिळाला हे गावाला लगेच कळते. ते झाकले, तर त्यांची जागा व्हॉट्सॲपवरच्या अफवा घेतात. आधार व बँक खाते क्रमांक जरूर झाकावेत, त्याबद्दल दुमत नाही. जनहितार्थ माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, असे सरकार सांगते. परंतु तो निर्णय ज्या कार्यालयाच्या कामावर प्रश्न आहे, तेथील जनमाहिती अधिकाऱ्यानेच आधी घ्यायचा आहे. राज्य सरकारने या याद्या कलम ४ नुसार स्वतःहून प्रसिद्ध करण्याचा स्पष्ट आदेश काढावा.

– एक वाचक, परभणी