उतारावरची गाडी मुलांच्याच हातची हवी

रविवारच्या पुरवणीतील सोपबॉक्स शर्यतींवरील (बिनइंजिनाच्या गाड्या उतारावरून पळवण्याच्या शर्यतींवरील) लेखात या खेळाचे सारे श्रेय शीतपेय कंपन्यांच्या जाहिरातबाजीला दिले आहे. ते मान्य होण्यासारखे नाही. अमेरिकेतील डेटन शहरात १९३३ मध्ये मुले घरी बनवलेल्या बिनइंजिनाच्या गाड्या उतारावरून पळवत होती. ते पाहून मायरन स्कॉट या वृत्तपत्र छायाचित्रकाराने त्यांची शर्यत भरवली. पुढच्याच वर्षी ती राष्ट्रीय झाली आणि १९३५ मध्ये ॲक्रन शहरात गेली.

इंजिन नसल्याने गाडी ओढतो तो फक्त उतार. त्यामुळे चाकांचे घर्षण, वजनाची मांडणी आणि सरळ रेषेत राखलेले स्टिअरिंग यांवर निकाल बराचसा ठरतो, आणि हे सगळे मुलांना स्वतः करून शिकता येते. मोठ्यांनी यात हात घातला की काय होते, हे १९७३ मध्ये याच शर्यतीत दिसले. विजेत्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक सापडला. प्रारंभरेषेवर गाडी अडवून धरणारी लोखंडी फळी पडताना तो गाडीला पुढे खेचत असे. विजेतेपद रद्द झाले, पण बदनामी झाली ती चौदा वर्षांच्या मुलाची. याचे फार वाईट वाटते.

आपल्याकडे शाळांनी अशी शर्यत जरूर भरवावी. मात्र खर्चाला मर्यादा घालावी, ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडू नये आणि गाडी कशी बनवली हे परीक्षकांनी मुलांनाच विचारावे.

– एक वाचक, ठाणे