स्मोकर घेताना आकार नव्हे, झाकण तपासा

महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या मराठी घरांनी कोळशाचा स्मोकर कसा निवडावा, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मंद आचेवर आणि धुरात दहा-बारा तास शिजणाऱ्या मांसाबद्दल मराठीत क्वचितच छापून येते, म्हणून विषयाचे मनापासून स्वागत. मात्र लेखातले तीन सल्ले चुकीचे आहेत आणि त्यांतला एक जिवावर बेतणारा आहे. पाऊस आला तर गॅरेजचे दार उघडे ठेवून स्मोकर आत चालवावा, हा तो सल्ला. उरलेले दोन असे: नवशिक्याने बाजूला भट्टी असलेला ‘ऑफसेट’ घ्यावा, आणि धूर आत कोंडून राहावा म्हणून वरचा झरोका अर्धा मिटावा.

गॅरेजचे आधी. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखाऱ्याला हवा कमी पडली की तो जास्त निघतो, आणि स्मोकर ही तर मुद्दाम अपुऱ्या हवेवर चालवायची वस्तू. वारा उघड्या दारातून आत येत असेल तर हा वायू बाहेर जाण्याऐवजी गॅरेजच्या आतल्या दाराने घरात शिरतो. रात्रभराचा स्वयंपाक असेल तर त्या वेळी घरातली माणसे झोपलेली असतात. पावसाळी दिवसातही स्मोकर उघड्यावरच हवा, घराच्या भिंतीपासून किमान १० फूट लांब, वर हवे तर पत्र्याचे छप्पर. अपार्टमेंटच्या बाल्कनीत तर नकोच. अनेक अमेरिकी शहरांचे अग्निसुरक्षा नियम तिथे कोळसा पेटवू देत नाहीत. महाबळेश्वरच्या थंडीत विझत आलेली शेगडी उबेसाठी खोलीत आणणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

आता निवडीकडे. या स्वयंपाकाला १०७ ते १२१ अंश सेल्सिअस तापमान लागते, अमेरिकी तापमापकाच्या तबकडीवर २२५ ते २५० फॅरनहाइट, आणि तेही तासन्‌तास स्थिर. आच किती, हे कोळसा किती भरला यावर ठरत नाही. त्याला हवा किती मिळते यावर ठरते. म्हणून स्मोकर म्हणजे हवेवर ताबा ठेवणारा डबा, बाकी सगळे दुय्यम. दुकानात मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवावा, झाकण बसवावे आणि बाहेरून चहूबाजूंनी पाहावे. जिथे उजेडाची रेघ दिसते तिथून हवा जाणार. खालचे झरोके पूर्ण मिटतात का, मिटल्यावर सैल हलतात का, तेही हाताने पाहावे. घरी आणल्यावरची खरी परीक्षा वेगळी: स्वयंपाक संपला की वरखालचे सगळे झरोके मिटावेत. तासा-दोन तासांत आग गुदमरून विझली आणि उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी शाबूत मिळाला, तर डबा चांगला. सकाळी नुसती राख सापडली तर तो गळका आहे.

स्वस्त ऑफसेट इथेच नापास होतो. टेक्सासच्या नामांकित बार्बेक्यूवाल्यांकडचे ऑफसेट पाव इंच, म्हणजे ६ मिमीच्या वर जाड पोलादाचे असतात आणि त्यांचे वजन शेकडो किलो भरते. मोठ्या दुकानांत त्याच रूपाचा जो स्वस्त माल दिसतो त्याचा पत्रा जेमतेम २ मिमी. तो उष्णता धरून ठेवत नाही. वाऱ्याची झुळूक आली की आच पडते, लाकूड वाढवले की उसळते. झाकणाच्या कडेने आणि भट्टीच्या दारातून धूर गळतो. भट्टीकडचे टोक आणि धुराड्याकडचे टोक यांत सहज ३० अंशांचा फरक पडतो, म्हणजे एकीकडे करपते आणि दुसरीकडे कच्चे राहते. कडेला उष्णता सोसणारी गॅस्केट पट्टी, सांध्यांना सिलिकॉन, भट्टीच्या तोंडाशी आडवा पत्रा असे उपाय आहेत, पण ते नवशिक्याच्या गळ्यात का घालायचे? शिवाय ऑफसेट हे मुळात लाकडाचे यंत्र आहे. त्यात कोळसा फक्त निखाऱ्यांचा पहिला थर करण्यापुरता. पुढे दर अर्ध्या-पाऊण तासाला सुक्या लाकडाचा एक तुकडा घालत बसावे लागते. ज्याला ही राखण आवडते त्याने जरूर घ्यावा, मात्र जाड पत्र्याचा.

माझ्या मते पहिली खरेदी १८ इंची उभ्या वॉटर स्मोकरची असावी. खाली कोळशाचे कडे, मध्ये पाण्याची परात, वर दोन जाळ्या आणि घुमटाकार झाकण. वेबर कंपनीचा स्मोकी माउंटन १९८१ पासून याच रचनेत मिळतो. १४ इंचीत कोळसा कमी मावतो आणि मोठा तुकडा जाळीवर बसत नाही. २२ इंची चार माणसांच्या घरासाठी विनाकारण कोळसा खातो. १८ इंचीच्या कड्यात सात-आठ किलो ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या, भरल्या की दहा-बारा तास पुन्हा हात लावावा लागत नाही. त्याचे दुबळे अंग म्हणजे कोळसा घालण्याचे बाजूचे पातळ दार. ते नीट बसत नसेल तर पिंपाच्या गोलाईवर धरून हाताने हळूहळू वाकवावे, फट जाते. वरचा इनॅमलचा मुलामा आपटून उडाला तर तिथे गंज धरतो, एवढी काळजी घ्यावी.

पेटवण्याची रीत मात्र नेमकी हवी, कारण बहुतेकांची फजिती इथेच होते. कडे न पेटवलेल्या ब्रिकेटनी भरावे आणि मध्ये खळगा ठेवावा. चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या उभ्या नळीत, साधारण २० ब्रिकेट राखाडी होईपर्यंत फुलवून त्या खळग्यात ओताव्यात. आग तिथून शेजारच्या ब्रिकेटना सावकाश लागत जाते. जिम मिनियन या बार्बेक्यूतल्या जाणकाराच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. चिमणीभर कोळसा पेटवून ओतला की अर्ध्या तासात पारा १५० च्या पुढे जातो, आणि तो खाली आणायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला खालचे तिन्ही झरोके उघडे ठेवावेत, ९५ अंशांना दोन मिटावेत आणि तिसरा चतुर्थांश उघडा ठेवून पाहावे. एक बदल केला की पंधरा-वीस मिनिटे थांबावे. दर पाच मिनिटांनी झरोका हलवणाऱ्याची आच कधीच बसत नाही.

परातीत पाणी गरम ओतावे. गार ओतले तर ते तापवण्यातच कोळसा जातो. पाणी जास्तीची उष्णता शोषते म्हणून तापमान उसळत नाही. ते आटले की परातीत ठिबकलेली चरबी जळू लागते आणि कडू धूर होतो, तेव्हा तीन-चार तासांनी डोकवावे. हात बसल्यावर पाण्याऐवजी फॉइलमध्ये गुंडाळलेली मातीची परळ ठेवली तरी चालते, कोळसाही वाचतो.

वरच्या झरोक्याबद्दल लेखात जे आले ते उलटे आहे. तो शेवटपर्यंत पूर्ण उघडा हवा. ताबा खालच्या झरोक्यांनी ठेवायचा. धूर कोंडला की त्यातले अर्धवट जळलेले डांबरी द्रव्य मांसावर बसते, वरचा थर काळा आणि कडू होतो, जिभेला बधिरपणा येतो. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही. पातळ, निळसर, दिसेल न दिसेल असा धूर निघू लागला की मगच मांस ठेवावे. लाकडाचे मुठीएवढे तीन-चार सुके तुकडे पुरतात, आणि ते पाण्यात भिजवू नयेत. ओले लाकूड आधी वाफ सोडत आणि धुमसत बसते.

ज्यांच्याकडे २२ इंची साधी केटल ग्रिल, म्हणजे घुमटाकार झाकणाची गोल कोळशाची शेगडी, आहे त्यांनी तर यंदा काहीच विकत घेऊ नये. तिच्या कडेने दोन खाली, दोन वर अशी ब्रिकेटची माळ अर्ध्या-पाऊण वर्तुळात रचावी, एका टोकाला आठ-दहा फुललेल्या ब्रिकेट ठेवाव्यात आणि मांस मोकळ्या बाजूला. माळ टोकाटोकाने जळत सात-आठ तास आच देते.

कामादो, म्हणजे जपानी चुलीवरून बेतलेला जाड सिरॅमिकचा अंडाकृती स्मोकर, कोळसा सर्वांत कमी खातो. त्यात ब्रिकेट नव्हे, लाकडी कोळसा घालावा. ब्रिकेटची राख खालची वाट बुजवते. मंद आचेसाठी निखाऱ्यांवर उष्णता अडवणारी सिरॅमिक तबकडी लागते आणि पुष्कळदा ती वेगळी घ्यावी लागते, हे किंमत ठरवताना विसरू नये. तो एकदा तापला की लवकर निवत नाही. झरोके मिटून आच दाबलेली असताना झाकण एकदम उघडले तर आत शिरलेल्या हवेने ज्वाळा तोंडावर येते. आधी बोटभर उघडून दोन-तीनदा स्मोकरला हवा घेऊ द्यावी, मग पूर्ण उघडावे. मोठ्या आकाराचा सत्तर किलोंच्या घरात जातो आणि पडला तर तडकतो.

महाराष्ट्रातले शेतघरवाले फॅब्रिकेशनच्या दुकानात पिंपाचा स्मोकर करून घेतात, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर. दोनशे लिटरचे पिंप चांगले काम देते, पण पिंपात आधी काय होते ते कळल्याशिवाय हात लावू नये. रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी नको. आतून रंग वा अस्तर असेल तर ते मोठी आग करून पूर्ण जाळून, घासून काढावे लागते. कोरे, बिनअस्तराचे मिळाले तर उत्तम. कोळशाची टोपली आणि जाळी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्याची कधीही करू नये. जस्त ४१९ अंशांना वितळते, फुललेले निखारे त्याच्या खूप वर असतात, आणि त्या धुराने ताप भरतो. साधे पोलाद (एमएस) किंवा स्टेनलेस वापरावे. तळाशी पाऊण इंची चार भोके, त्यांतल्या निदान तिघांना मिटायची सोय, टोपलीखाली राखेसाठी तीन इंच मोकळी जागा, निखारे आणि जाळी यांत साधारण २४ इंच अंतर. अंतर कमी ठेवले की खालची बाजू करपते. लाकूड आंब्याचे, पेरूचे, जांभळाचे. वेडी बाभूळ ही टेक्सासच्या मेस्कीट या झाडाची सख्खी नातलग. तिचा कोळसा चांगला, पण धुरासाठी कच्चे लाकूड दहा तास वापरले तर चव कडवट होते. पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन आणि प्लायवूड वर्ज्य.

कोणताही स्मोकर घ्या, त्याच्या झाकणावरच्या तबकडीवर भरवसा ठेवू नका. ती घुमटातले तापमान दाखवते. जाळीवरचे दहा-वीस अंशांनी वेगळे असते. दोन सळयांचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा, एक सळई जाळीवर, एक मांसात. तो उकळत्या पाण्यात तपासावा. पुण्यात ९८, डेन्व्हरसारख्या उंच शहरात ९५ अंश दाखवला तरी बरोबर आहे. मांस ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कित्येक तास अडून बसते, तेव्हा नवशिके घाबरून आच वाढवतात. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते त्याच कारणाने हे होते: पृष्ठभागावरून ओल उडत असते. थांबावे, किंवा फॉइलमध्ये गुंडाळावे. डुकराचा खांदा ९५ अंशांच्या आसपास सुटा होतो. बोकडाची मांडी कमी चरबीची, म्हणून ती ७० अंशांना तूप आणि थोडा रस्सा घालून गुंडाळावी आणि ९० च्या पुढे न्यावी. कोंबडीला एवढ्या मंद आचेचा उपयोग नाही, कातडी रबरासारखी होते. तिला १५० अंश द्यावेत आणि आतले मांस ७४ ला पोहोचले की काढावे.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत दोन दिवस ठेवून मगच टाकावी.

ऑफसेट आणि झरोक्याबद्दल मतभेद म्हणून सोडून दिले तरी चालेल. गॅरेजबाबतची दुरुस्ती मात्र त्याच पुरवणीच्या त्याच पानावर, चौकटीत छापावी, ही विनंती. मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, अमेरिकेत बार्बेक्यूचा मोसम सुरू होतो. ती त्याआधी यावी.

आपला,
एक नियमित वाचक
डॅलस, टेक्सास