कम्युनिटी कॉलेज : ‘जनरल’ विषय आधी नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेत दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजमध्ये (पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक सरकारी महाविद्यालयात) शिकून नंतर विद्यापीठात ट्रान्सफर घेण्याच्या मार्गाविषयी लिहिताना बहुतेक जण शुल्काच्या बचतीवरच भर देतात. बचत खरीच आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला तेथे एका युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर पडतात (भारतातून थेट जाणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र याच्या कैक पट भरावे लागतात, हे सहसा कोणी सांगत नाही). परंतु ‘आधी जनरल विषय (भाषा, समाजशास्त्र असे सर्वच पदव्यांना लागणारे) उरकून घे, इंजिनीअरिंगचे पुढे बघू’ हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो पर्यावरण अभियांत्रिकीकडे वळणाऱ्यांचे नुकसान करणारा आहे.

या शाखेचे विषय एकमेकांत साखळीसारखे अडकलेले असतात. कॅल्क्युलसचे तीन भाग आणि त्यानंतर डिफरेन्शियल इक्वेशन्स असा क्रम धरला, तर केवळ गणितालाच चार सेमिस्टर लागतात. कॅल्क्युलसचा पाया असल्याशिवाय भौतिकशास्त्रातील मेकॅनिक्स घेता येत नाही आणि मेकॅनिक्स झाल्याशिवाय स्टॅटिक्स (स्थिर वस्तूंवरील बलांचा अभ्यास) मिळत नाही. त्यातच लहान कॉलेजांत स्टॅटिक्ससारखा विषय वर्षातून एकदाच लागतो आणि पुरेसे विद्यार्थी नसल्यास तो वर्ग रद्दही होतो. अशा स्थितीत ज्याला प्रीकॅल्क्युलसपासून (कॅल्क्युलसच्या आधीच्या गणितापासून) सुरुवात करावी लागते, त्याची दोन वर्षांची योजना उन्हाळी सत्र घेतल्याशिवाय बसणे कठीण. रसायनशास्त्र तर पाणी आणि हवा यांच्या शुद्धीकरणाचा पायाच आहे, त्यामुळे ते शेवटच्या सेमिस्टरसाठी राखून ठेवणे मला तरी अविचाराचे वाटते.

म्हणून नियोजन विद्यापीठाकडून उलट दिशेने करावे. कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर कॉलेज, विद्यापीठ व शाखा निवडली की कोणता विषय कशाच्या बदल्यात धरला जाईल ते कळते. दोन विद्यापीठांत एकाच नावाच्या पदवीला वेगवेगळी तयारी लागते. एखादे ऑरगॅनिक केमिस्ट्री किंवा जीवशास्त्र मागते, तर दुसरे प्रोग्रॅमिंगवर भागवते. त्यामुळे मनात असलेल्या तीन-चार विद्यापीठांच्या याद्या शेजारी ठेवून पहिल्याच सेमिस्टरचे विषय ठरवावेत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसमध्ये ट्रान्सफर प्रवेशाची हमी देणारी योजना आहे, पण बर्कली व लॉस एंजेलिस त्यात नाहीत, आणि सांता बार्बराने अभियांत्रिकी त्यातून वगळलेली आहे. ‘हमी’ या शब्दावर विसंबून राहिलेल्यांना हे बहुधा उशिरा कळते.

कॉलेजच्या काउन्सेलरला अवश्य भेटावे. मात्र त्यांच्याकडे सर्व शाखांचे विद्यार्थी येतात, हे ध्यानात ठेवून आपली यादी छापून न्यावी. निवडलेल्या पदवीला ‘एबेट’ या अभियांत्रिकी अभ्यासक्रम तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेची मान्यता आहे का, हेही तेव्हाच पाहावे, कारण पुढे व्यावसायिक अभियंत्याचा परवाना काढताना हा प्रश्न येतो.

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत शुल्काच्या तक्त्याशेजारी या विषयांच्या क्रमाचाही तक्ता छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक