माझ्या संकलक ताईंना, नवव्या मात्रेबद्दल

आदरणीय ताई,

माझ्या १८ मिनिटांच्या पहिल्या लघुपटाच्या श्रेयनामावलीत ‘संकलन’ या शब्दापुढे तुमचे नाव आहेच, पण तेवढ्याने माझे समाधान झालेले नाही, म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे.

बारा वर्षे नाटकांना पार्श्वसंगीत दिल्यावर मी दिग्दर्शनाचे नाव काढले, तेव्हा एका निर्मात्याने संहितेचे पान न उलटताच ‘पेटीवाल्याने पेटी सोडू नये’ असा सल्ला दिला आणि दुसऱ्याने चार महिने झुलवून शेवटी आपल्या मालिकेचे शीर्षकगीत करून मागितले. (ते मी करून दिले, घरभाडे थकले होते.) हीच मंडळी विशाल भारद्वाज यांचे नाव मात्र कौतुकाने घेतात. ‘माचिस’चे संगीत १९९६ मध्ये गाजले, पुढे ‘गॉडमदर’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरीही कामे आटू लागली तेव्हा, चित्रपट आपलाच असला की त्याचे संगीतही आपल्याकडेच राहील, अशा हिशेबाने ते दिग्दर्शनाकडे वळले आणि २००२ मध्ये ‘मकडी’ आला. त्यांच्या आधी भास्कर चंदावरकरांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये वर्षानुवर्षे संगीत शिकवले, ‘सामना’ला संगीत दिले आणि ‘बलुतं’वरून ‘अत्याचार’ दिग्दर्शित केला. वाट मळलेली आहे. ती आपल्या दारावरून जाऊ नये, एवढीच या लोकांची इच्छा दिसते.

तुमच्याकडे आलो, तेव्हा मी प्रत्येक दृश्याखाली संगीत अंथरून ठेवले होते. तुम्ही ते सगळे बंद केलेत. वरातीहून परतलेला बँडवाला क्लॅरिनेट पुसत बसतो आणि त्याची बायको समोर ताट ठेवते, त्या दृश्यात कट कुठे हवा, हे मला शब्दांत सांगता येईना. तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘सांगू नका, टाळी द्या.’ मी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाळी दिली, पण काहीतरी चुकत होते. मग तीस वर्षे संकलन केलेल्या तुम्ही, ‘खाली’ म्हणजे नेमके काय, हे माझ्याकडून समजून घेतलेत आणि माझ्याबरोबर बोटांवर सोळा मात्रांचा तीनताल मोजलात. नवव्या मात्रेवर, म्हणजे ‘खाली’वर, जिथे टाळी नसते, हात नुसता उघडतो, तिथे तुम्ही दृश्य तोडलेत आणि त्या बाईच्या चेहऱ्यावरचा थकवा मला पहिल्यांदा दिसला.

मला येत नव्हते ते तुम्ही शिकवलेत, हे उपकार आहेतच. पण मला जे येत होते ते तुम्ही विचारून घेतलेत, याने मी त्या रात्री घरी जाताना रडलो. मोठेपणा मिरवणारी माणसे या धंद्यात पुष्कळ भेटतात. नवख्यासमोर ‘हे मला माहीत नाही’ असे सहज म्हणणारे माणूस मला पहिल्यांदाच भेटले.

ते दृश्य शेवटपर्यंत संगीताविनाच राहिले. पुढच्या वेळी येईन तेव्हा पेटी बरोबर आणीन. तीनतालाच्या पुढचे काही ताल तुम्हाला शिकायचे आहेत, असे तुम्हीच म्हणाला होतात.

आपला नम्र,
एक पेटीवाला