माझ्या मानेला ‘हो’, ताईच्या कमरेला ‘नाही’

डॉक्टर मॅडम,

परवा माझ्या मानेच्या मणक्यांमध्ये हालणारी कृत्रिम गादी बसवण्याच्या ऑपरेशनला वर्ष झालं. तपासणीला आले होते तेव्हा घसा दाटून आला आणि नुसतं ‘थँक्यू’ म्हणून उठले. तेवढ्यावर माझं समाधान होईना, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

मी शाळेची व्हॅन चालवते. मान, खांदा, तिथून डाव्या हाताच्या अंगठ्यापर्यंत कळ जायची. अंगठा आणि शेजारचं बोट सतत बधिर. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, फिजिओथेरपीही मन लावून केली. पण मनगटातला जोर कमी होत गेला आणि गिअर टाकताना हात थरथरायला लागला. मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी सरकून नस दाबत होती. तुमच्याकडे येण्याआधी एके ठिकाणी दोन मिनिटांत सांगून झालं होतं, ‘मणके जोडून टाकू. हललंच नाही तर दुखणार कसं?’ मागच्या सीटवरची मुलं आता वळून बघता येणार नाहीत, हेच त्या रात्री डोक्यात फिरत होतं.

तुम्ही एमआरआयची फिल्म बाजूला ठेवलीत आणि आधी विचारलंत, दिवसभरात मान कशाकशाला वळवता? मग मान खाली घालून एक आणि वर करून एक असे एक्स-रे काढायला लावलेत. हलताना मणके काय करतात, हे स्थिर फोटोत कळत नाही म्हणालात. आणि मग जे सांगितलंत, त्याबद्दल मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. मान डावी-उजवीकडे वळते त्यातलं जवळजवळ निम्मं काम अगदी वरचे दोन मणकेच करतात. ‘खालचा एक सांधा जोडला तरी तुमची मान वळेल. त्या भीतीपोटी कृत्रिम गादी निवडू नका.’ माझी भीती वापरून तुम्हाला मला सहज पटवता आलं असतं. तुम्ही ती आधी काढून टाकलीत.

खरं कारण नंतर सांगितलंत. जोडलेल्या मणक्यांची हालचाल वरच्या-खालच्या सांध्यांना करावी लागते आणि काही वर्षांनी तिथे झीज दिसू शकते. ती जोडण्यामुळे किती आणि वयामुळे किती, यावर डॉक्टरांमध्येही वाद आहे, हेही लपवलं नाहीत. हालणारी गादी बसवली तर शेजारच्या सांध्याचं पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता कमी होते, पण संपत नाही. काहींमध्ये गादीभोवती हाड वाढून हालचाल थांबतेसुद्धा.

मग तुम्ही नमुन्याची गादी माझ्या तळहातावर ठेवलीत. वर-खाली धातूच्या चकत्या, मध्ये प्लास्टिकचा गाभा. अंगठ्याने दाबली की ती अलगद कलायची. कमरेची अशी पहिली गादी 1984 मध्ये बर्लिनच्या शारिते रुग्णालयात बसवली गेली, आणि ती बनवणाऱ्या दोघांपैकी कारिन ब्युटनर-यान्झ या 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या, हे तुम्ही किती आनंदाने सांगत होतात! आयुष्यभर पाठीच्या कण्यावर कसरती केलेल्या बाईनेच हालणारी गादी बनवावी, हे मला फार आवडलं.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गळ्यावर पुढून छोटी चीर, काही दिवस गिळताना त्रास. शुद्धीवर आल्यावर मी आधी अंगठ्याने बाकीची चारही बोटं चाचपली. कळ गेली होती. बधिरपणा जायला मात्र तीन महिने लागले.

नंतर मी ताईला तुमच्याकडे घेऊन आले. माझ्यासारखीच गादी तिच्या कमरेत बसवा, असा माझा हट्ट होता. तिचा मणका पुढे घसरलेला, मागचे छोटे सांधे झिजलेले आणि हाडं ठिसूळ. तुम्ही स्पष्ट ‘नाही’ म्हणालात. तिथली हालचालच दुखण्याचं मूळ आहे, ती राखून काय करणार? मणके जोडावे लागतील. मी तेव्हा तुमच्यावर रागावले होते, त्याबद्दल मनापासून माफी मागते. आज ताई काठीशिवाय जिना चढते.

माझे शेवटचे दोन एक्स-रे तुम्ही शेजारी शेजारी लावलेत. मान खाली असताना गादी पुढे कललेली, वर केल्यावर मागे. मी घरी आल्यावर ते दोन्ही ताईला खिडकीच्या उजेडात धरून दाखवले.

पुढच्या महिन्यात ताईची तपासणी आहे. तिला घेऊन मीच येईन, गाडी चालवत.

तुमची,
शाळेच्या व्हॅनवाली