गटाराच्या पाण्याची नोकरी

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवरच सांगणार होते, पण बाबांचा तो "हं" आला की माझं पुढचं घशातच राहतं. सोमवारी कंपनीचा राजीनामा दिला. एक तारखेपासून पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेत जायचंय, सांडपाणी तपासायला. हो आई, गटाराचं पाणी. मावशीला "संशोधनात आहे" एवढंच सांग, खोटं नाही ते.

पगार थोडा कमी आहे. पण हप्ता बसतो, तीनदा हिशेब केलाय. बाबांच्या गोळ्यांचे पैसे येतात तसेच येतील, त्यावर बोलायचं नाही. दोन वर्षांत सोलापूरला परत येते म्हणाले होते, ते मात्र लांबलं. त्याचा राग धरू नका.

बाबा, पोलिओचे रविवार आठवतात? तुमची बूथवर ड्यूटी, मी सायकलच्या दांडीवर. इकडे तुम्ही डोस पाजत होता आणि विषाणू खरंच गेला का हे बघायला मुंबईत 2001 पासून गटारांचे नमुने तपासत होते. 2014 ला देश पोलिओमुक्त ठरला. कोरोनाचंही तसंच. लक्षणं नसलेल्या माणसाच्या विष्ठेतूनही तो बाहेर पडतो. तपासणीला कुणी जावो न जावो, संडासला सगळेच जातात! नाल्यावर बाटली भरली की अख्ख्या वस्तीची खबर, बऱ्याचदा दवाखान्यात गर्दी व्हायच्या काही दिवस आधी. सिक्वेन्सिंग केलं, म्हणजे विषाणूची जनुकं वाचली, की नवा प्रकार शिरलाय का तेही कळतं. अप्पांच्या वेळी ते काही दिवस हातात असते तर... असो.

काळजी करू नका. हातमोजे, मास्क सगळं असतं, नमुना आधी तापवून विषाणू मारतात. डबा लावलाय. तुझी कडक भाकरी आणि शेंगाचटणी महिनाभर पुरेल.

परवा कणकण होती, गोळी घेतली, बरी आहे. चादर गळ्यापर्यंत ओढली आणि तुझी आठवण आली. तू कपाळाला नाही, पोटाला हात लावून ताप बघायचीस, आणि थर्मामीटर नंतर तेवढंच सांगायचा.

तरी ऑक्सिमीटर पाठवलाय, तो कपाटात ठेवायचा नाही. पाच मिनिटं बसून, हात गार असतील तर चोळून मगच लावायचा. दोनदा मोजूनही ऑक्सिजन 94 च्या खाली दिसला तर तडक दवाखाना, मला फोन रिक्षात बसल्यावर. साध्या खोकल्याला ई-संजीवनी आहे, दिवाळीत बाबांच्या मोबाइलवर घालून दिलंय, घरबसल्या डॉक्टर बोलतात. आणि पाणी आलं की बाबांनी जिन्यावरून बादल्या न्यायच्या नाहीत. रागावले नाहीये, पण नाहीच न्यायच्या.

गड्ड्याच्या जत्रेला येतेय. नंदीध्वजांची मिरवणूक या वर्षी लांबूनच बघू, मास्क मी आणते.

तुमची,
छकुली

ता. क. ऑक्सिमीटरचे सेल उलटे बसले की तो चालत नाही. बाबा, मशीन खराब म्हणायच्या आधी तेवढं बघा.